फळांच्या बिअरची विटंबना

फळें घालून घरीं बिअर करण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्याविषयीं बोलतांना नाक मुरडण्याचीहि एक रीत पडून गेली आहे. नाक मुरडणारे दोन जातींचे असतात. पहिले शुद्धतावादी. जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज बिअरमध्यें जें जें पडेल तें तें भेसळ होय, आणि फळांची बिअर म्हणजे ज्यांना खरी बिअर सोसत नाहीं अशांच्या सोयीसाठीं केलेलें सरबत होय, असें यांचें मत आहे. दुसरे व्यवहारवादी. यांचें नाक बिअरकडे पाहून मुरडत नाहीं, फळाकडे पाहून मुरडतें. फळ महाग, फळ सडणारें, फळ ऋतूच्या स्वाधीन. त्यापेक्षां अर्काच्या कुपींतले चार थेंब टाकले कीं तोच वास येतो, मग हा उपद्व्याप हवा कोणाला, असें ते विचारतात. वरवर पाहतां हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसतात. आमच्या मतें ते परस्परांचे पोशिंदे आहेत. अर्कवाल्यानें फळाच्या बिअरचें सरबत करून ठेवावें, आणि शुद्धतावाद्यानें तें सरबत पुढें करून फळालाच दोष द्यावा, असा हा व्यवहार बिनबोभाट चालला आहे. त्या दोघांच्या मध्यें सांपडून जी वस्तु चिरडली जात आहे तिची बाजू मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

शुद्धतावाद्यांचा मुख्य आधार म्हणजे बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म व दहावा लुडविग यांनीं १५१६ सालीं इंगोलस्टाट येथें काढलेलें फर्मान. बिअर जव, हॉप्स व पाणी यांचीच करावी असें त्यांत आहे खरें. परंतु तें एक वाक्य श्रुतिवचनाप्रमाणें घोकणारांनीं तें फर्मान सबंध वाचलें असतें तर बरें झालें असतें. वर्षाच्या कोणत्या भागांत बिअर काय दरानें विकावी याचाच खल त्यांत बराचसा आहे. जवाचा आग्रह धरला तोहि निव्वळ चवीसाठीं नव्हे. गहूं आणि राय हीं पावाचीं धान्यें भट्टीवाल्यांनीं ओढून नेऊं नयेत ही काळजी त्यामागें होती असें इतिहासकार सांगतात. ज्यावांचून बिअर होतच नाहीं त्या किण्वाचें तर त्यांत नांवहि नाहीं. आणि मौज अशी कीं, पुढें सतराव्या शतकाच्या आरंभीं त्याच राजघराण्यानें गव्हाच्या बिअरचा मक्ता आपल्या हातीं घेतला आणि त्यावर खजिना भरला! प्रजेनें गहूं वापरला तर अशुद्ध, सरकारनें वापरला तर शुद्ध, असा हा न्याय. सगळ्या जर्मन साम्राज्यास हा नियम लागू झाला तो १९०६ सालीं, म्हणजे कालपरवां. आणि त्याच्या जोरावर परदेशची बिअर अडवितां येणार नाहीं असा निकाल युरोपीय न्यायालयानें १९८७ सालीं दिला. मुळांत जें दरपत्रक होतें त्याची स्मृति कशी होते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

बरें, इतिहासाचाच आधार घ्यावयाचा तर तो पुरता घ्यावा. चीनच्या हेनान प्रांतांत जिआहू येथें सांपडलेल्या खापरांवर तांदूळ, मध आणि द्राक्षें अथवा हॉथॉर्नचीं फळें एकत्र आंबवून केलेल्या पेयाचे अंश पॅट्रिक मॅक्गव्हर्न व त्यांचे सहकारी यांनीं ओळखिले आणि २००४ सालीं प्रसिद्ध केले. तीं खापरें इसवी सनापूर्वीं सुमारें सात हजार वर्षांइतकीं जुनीं आहेत. उलट, हॉप्सचा बिअरशीं संबंध जोडणारे जे जुने लेख युरोपांत आहेत त्यांतला कॉर्बीच्या मठाचा लेख ८२२ सालचा आहे. वडीलकीचा मान द्यावयाचाच झाला तर फळ थोरलें ठरतें आणि हॉप्स धाकटे. इंग्लंडांत एल्डरबेरी घालून केलेली 'एब्युलम' नांवाची एल अठराव्या शतकांतील पुस्तकांतून सांपडते. अमेरिकेच्या दक्षिण भागांत पर्सिमन या फळाची बिअर गरीब शेतकरी आणि गुलामगिरींत पिचलेले कृष्णवर्णीय लोक करीत असत. हीं पेयें घरांतलीं व शेतावरचीं होतीं. मध्ययुगीन इंग्लंडांत एल करणें हें बहुतांशीं बायकांचें काम होतें, आणि ब्रूस्टर हा शब्द मूळचा अशा बाईचाच वाचक होता. धंद्यांत जसजसें भांडवल शिरत गेलें तसतसा तो त्यांच्या हातून कसा निसटत गेला, हें जुडिथ बेनेट यांनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर दाखविलें आहे. तेव्हां फळ घालणें ही आजकालच्या शौकीन पोरांची खोड आहे हें म्हणणें सोडून द्यावें हें बरें.

परंतु वादापेक्षां प्रत्यक्ष वस्तूकडेच पाहणें अधिक फलदायी. ब्रसेल्स शहराच्या नैर्ऋत्येस पायोटनलँड नांवाचा प्रदेश आहे. त्यांत आणि सेन नदीच्या खोऱ्यांत लांबिक नांवाची बिअर होते. मोड आणून वाळविलेले जव आणि सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका कच्चा गहूं यांचा काढा, वर्षानुवर्षें ठेवून कडूपणा गेलेले हॉप्स घालून, कित्येक तास उकळतात. नंतर तो उथळ, रुंद, एखाद्या अवाढव्य परातीसारख्या हौदांत ओततात आणि रात्रभर उघडा ठेवितात. त्यांत किण्व कोणीहि घालीत नाहीं. रात्रीच्या गार हवेंतून, त्या जुन्या इमारतींतून आणि जुन्या पिंपांच्या लांकडांतून जें कांहीं त्यांत शिरेल तेंच त्याचें विरजण. म्हणून हा उद्योग थंडीच्या महिन्यांतच चालतो. उन्हाळ्यांत नको ते जंतु येऊन काढा नासण्याची भीति. मग तो काढा लांकडी पिंपांत भरून महिनेच्या महिने, क्वचित् दोन-तीन वर्षें, मुरत ठेवितात. त्यांत जीं अनेक किण्वें एकामागून एक आपला कारभार करून जातात त्यांत एक ब्रेटॅनोमायसिस नांवाचें असतें. १९०४ सालीं कार्लस्बर्ग येथील क्लॉसन या शास्त्रज्ञानें तें इंग्रजी बिअरमध्यें ओळखिलें, आणि त्याच्या नांवाचा अर्थहि 'ब्रिटिश बुरशी' असाच आहे. इतर भट्टीवाले त्याचें नांव ऐकतांच दारें लावून घेतात. येथें तेंच घरचें कुलदैवत!

पुढें उन्हाळ्यांत आंबट चेरीचा हंगाम येतो, तेव्हां ती चेरी बियांसकट या जुन्या लांबिकमध्यें घालतात. हीच क्रीक. ब्रसेल्सच्या अँडरलेख्ट भागांतील १९०० सालीं स्थापन झालेली कँटिलॉन ही भट्टी लिटरामागें सुमारें दोनशें ग्रॅम फळ घालते. फळांतील साखरेनें निजलेलें किण्व पुन्हां जागें होतें, पिंपांत नवी उसळी येते. फळाचा रंग उतरतो, सालीचा तुरटपणा उतरतो, आणि बियांतून बदामासारखा एक मंद वास हळूच वर येतो. पूर्वीं या कामीं स्खारबेक गांवची चेरी नांवाजलेली होती. तेथील शेतकरी आपला माल गाढवांवर लादून ब्रसेल्सच्या बाजारांत नेत, म्हणून स्खारबेक हें 'गाढवांचें गांव' या नांवानें आजहि ओळखलें जातें. आतां तें शहरांत पुरतें बुडालें आहे. झाडें विरळ झालीं आणि भट्टीवाल्यांना इतर ठिकाणची आंबट चेरी आणावी लागते. ज्या गांवाचें नांव फळावर होतें त्या गांवांत घरें राहिलीं, आणि फळ नांवापुरतें उरलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळ्या गैरसमजाचें मूळ तिच्यांतच आहे. फळाची खरी बिअर गोड नसते. किण्वाचें अन्नच साखर. तें फळांतील साखर बहुतेक सगळी खाऊन टाकतें, आणि मागें राहतो तो आंबटपणा, तुरटपणा, रंग आणि सुवास. ज्यानें आयुष्यांत फळ म्हटलें कीं गोड एवढेंच समीकरण मांडलें आहे त्याला पहिला घोंट घेतांच फसवणूक झाल्यासारखें वाटतें. वास्तविक त्याच्या जिभेवरून साखरेचा पडदा दूर होऊन फळ प्रथमच त्याच्या ओळखीचें होत असतें. पण ही ओळख होण्यास सवड द्यावी लागते, आणि बाजाराला सवड कोठली? त्यानें दुसरा मार्ग काढला. साधी बिअर घ्यावी, तींत आटविलेला रस, साखर वा कृत्रिम माधुर्य आणि अर्क घालावा, आणि साखर पुन्हां आंबूं नये म्हणून किण्व तापवून मारून टाकावें किंवा गाळून काढावें. बाटलीवर मात्र पानांसकट चेरीचा घोंस! आमच्या पाहण्यांत आलेल्या अशाच एका बाटलीवर पुढल्या बाजूस ताज्या फळांची टोपली होती आणि मागल्या बाजूस, भिंग घेतल्यावांचून वाचतां येऊं नयेत अशा अक्षरांत, साखर आणि 'सुवासद्रव्यें' यांचीं नांवें होतीं. जुन्या रीतीच्या भट्टीवाल्यांना आपला माल या सोंगापासून वेगळा दाखविण्यासाठीं 'आउडे क्रीक', म्हणजे जुनी क्रीक, हें नांव १९९७ सालीं युरोपीय संघाच्या नियमांखालीं राखून घ्यावें लागलें. ज्या नाण्याची नक्कल झाली त्यालाच आपण खरें असल्याचा दाखला काढावा लागावा, ही स्थिति कोणत्याहि बाजारास भूषणावह नाहीं.

कारखानदाराला निदान एक सबब आहे: त्याला लाखों बाटल्या एकसारख्या हव्या असतात. चेरीचें पीक एका वर्षीं आंबट, दुसऱ्या वर्षीं बेताचें. त्यानें काय करावें? पण घरीं बिअर करणाराला ही सबब कोणती? त्याला वीस लिटर करावयाची. गिऱ्हाईक म्हणजे तो, त्याची बायको आणि दोनचार स्नेही. यंदाची गेल्या वर्षीसारखी निघाली नाहीं तर त्यावर तक्रार करणारा कोणी नाहीं, उलट गप्पांना एक विषय झाला. ज्याला सर्व मोकळीक आहे त्यानें अर्काची कुपी विकत आणून कारखान्याच्या सोंगाचें सोंग घरांत उभें करावें, याहून शोचनीय प्रकार दुसरा नाहीं. वास तोच येतो हें म्हणणेंहि खरें नव्हे. अर्कांत बहुधा फळाच्या वासांतील एक-दोन ठळक द्रव्यें असतात. त्यांनीं फळाची खूण पटते, फळ भेटत नाहीं. रासबेरीचा अर्क घातलेली बिअर औषधाच्या गोळीची आठवण देते, याचें कारण हेंच. आंबटपणा नाहीं, सालीचा तुरटपणा नाहीं, बियांची चाहूल नाहीं. नुसता वास, बिऱ्हाड नसलेला.

आणि खऱ्या फळाचा उपद्व्याप तरी केवढा? वीस लिटरांस चार किलो फळ. तें आधीं गोठवावें, म्हणजे पेशी फुटून रस मोकळा होतो. उकळूं नये, उकळल्यानें पेक्टिन सुटून बिअर गढूळ होते आणि ताज्या फळाऐवजीं मुरांब्याचा वास येतो. पहिली जोराची उसळी ओसरल्यावर घालावें, नाहीं तर वायूबरोबर निम्मा सुवास उडून जातो. बाजारांतला तयार रस घेणें झालें तर त्यांत सोडियम बेंझोएटसारखें टिकाऊ द्रव्य नाहीं हें पाहून घ्यावें, कारण जें जंतूंना वाढूं देत नाहीं तें किण्वालाहि वाढूं देत नाहीं. आणि बाटल्या भरण्याची घाई तर मुळींच करूं नये. घनतामापकाचें माप कांहीं दिवसांच्या अंतरानें सारखेंच येऊं लागेपर्यंत थांबावें. फळांतील साखर शिल्लक राहिली तर ती बाटलींत आंबून वायूच्या दाबानें बाटली फुटते, आणि कांचेचे तुकडे कोणाच्या डोळ्यांत जातील हें सांगतां येत नाहीं. एवढेंच शास्त्र. ज्या घरांत आंबोळीचें पीठ फुगून पातेल्याबाहेर कधीं येईल याचा अंदाज घरची बाई वास घेऊन सांगते, त्या घराला यांत नवें असें थोडेंच आहे. आंब्याविषयीं मात्र आमचें मत थोडें निराळें आहे. त्याची गोडी गेली कीं मागें आंबटपणाचें बळ उरत नाहीं, आणि त्याचा सुवास फार नाजुक. म्हणून आंब्याच्या बिअरमध्यें अर्काचा सुळसुळाट सर्वांत अधिक व्हावा यांत नवल नाहीं. या कामाला करवंद किंवा कोकम यांसारखें मूळचेंच आंबट फळ हापुसापेक्षां अधिक लायक आहे, असें आम्ही हापुसाचा अभिमान बाजूस ठेवून म्हणतों.

आतां येथें कोणी विचारील कीं, करवंदाच्या गोष्टी सांगतां, पण महाराष्ट्रांत हें करण्यास परवानगी आहे काय? नाहीं. १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मादक पेय तयार करणें हा गुन्हा आहे, मग तें विकण्यासाठीं असो वा घरीं पिण्यासाठीं. कायदा मोडण्याची सल्ला आम्ही कोणास देत नाहीं. परंतु कायदा शहाणा आहे कीं नाहीं हें विचारण्यास अजून परवाना लागत नाहीं, म्हणून विचारतों.

घरांतील आंबवणावर सरकारची नजर वळली ती नीतीच्या कळवळ्यानें, हा समज काढून टाकला पाहिजे. इंग्लंडांत १८८० सालीं ग्लॅडस्टन यांनीं माल्टवरील कर उठवून बिअरवर कर बसविला, आणि तेव्हांपासून घरीं बिअर करणाराला परवाना घ्यावा लागूं लागला; तो परवाना मॉडलिंग यांनीं १९६३ सालीं रद्द केला. मध्यंतरीं त्र्याऐंशीं वर्षें गेलीं. त्या सबंध काळांत प्रश्न नशेचा नव्हता, महसुलाचा होता. आमच्याकडील कथाहि निराळी नाहीं. १८७८ चा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा, आणि ठाणें-कुलाब्याकडे मोहाचीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध घालणारा १८९२ चा कायदा, यांचा हेतु आदिवासींचें व्यसन सुटावें हा नव्हता. त्यांनीं घरची सोडून सरकारी मक्त्याची दारू प्यावी हा होता. स्वराज्यांतील मद्यनिषेधाचा हेतु निराळा आणि उदात्त होता हें आम्हांस मान्य आहे. पण आज परिणाम काय झाला आहे? कारखान्याची बाटली दुकानांत उजळ माथ्यानें मिळते, पुण्यांत २००९ पासून लहान भट्ट्यांतून ताजी बिअर विकली जाते, जानेवारी २०२२ मध्यें किराण्याच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें फळबागाइतदारांच्या हिताचें कारण सांगून घेतला. आणि ज्याला आपल्या परसांतील फळाची दहा लिटर बिअर करून पहावयाची आहे तो तेवढा गुन्हेगार! नशा वाईट असेल तर ती पैसे मोजून विकत घेतल्यानें चांगली कशी होते, हें आम्हांस कोणी समजावून सांगावें.

मद्यपानाच्या दुष्परिणामांविषयीं आमचा मुळींच वाद नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण सर्वस्वीं निर्धोक म्हणतां येत नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे, आणि तें आम्ही शिरसावंद्य मानतों. ज्याला सोडावयाची त्यानें सर्वच सोडावी. आमचा वाद आहे तो आंबवलेली बिअर आणि गावठी विष यांना एका मापानें मोजणाऱ्या भीतीशीं. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालाडच्या मालवणी भागांत शंभरावर माणसें मेलीं तीं मिथेनॉलनें. फळांतील पेक्टिनापासून आंबवतांना मिथेनॉलचा लेश निघतो हें खरें, पण द्राक्षांच्या वाईनमध्यें निघतो तसाच, आणि मनुष्य त्यानें मरत नाहीं. मालवणीसारखे प्रसंग घडतात ते कारखान्यांत वापरावयाचें मिथेनॉल चोरट्या विक्रीच्या दारूंत मिसळल्यानें. तेथें विक्री आहे, नफा आहे, आणि गिऱ्हाइकाला पुन्हां तोंड दाखवावें लागत नाहीं ही निश्चिंति आहे. स्वतःच्या घरीं, स्वतःसाठीं फळ आंबवणारापाशीं या तिन्हींपैकीं एकहि नाहीं.

अमेरिकेंत १९३३ सालीं दारूबंदी उठली तेव्हां घरीं वाईन करण्यास मोकळीक मिळाली, पण बिअरला ती मिळावयास पंचेचाळीस वर्षें जावीं लागलीं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें एका प्रौढाच्या घरास वर्षाला शंभर गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास दोनशें गॅलन बिअर करण्यास करमाफी दिली. विक्रीला मात्र मुभा नाहीं. राज्यांना आपापला निर्बंध ठेवण्याची सवलत होती, आणि मिसिसिपी व अलाबामा हीं राज्यें २०१३ पर्यंत अडून बसलीं होतीं. त्या वेळीं सबंध देशांत बिअरच्या भट्ट्या शंभराहूनहि कमी उरल्या होत्या. २०२३ सालीं त्या नऊ हजारांवर गेल्या, आणि त्यांतील कित्येकांचे चालक मूळचे घरीं बिअर करणारेच होते. कॅलिफोर्नियांत चिको गांवीं १९८० सालीं सिएरा नेव्हाडा ही भट्टी सुरू करणारे केन ग्रॉसमन हे त्यांतलेच.

आमच्या कायद्यांत असें कलम घालावयाचें झालें तर दोनशें गॅलनांचा आग्रह आम्ही धरणार नाहीं. वर्षाला घरटी पन्नास लिटर पुरे. ऊर्ध्वपातनास पूर्ण बंदी असावी, विक्रीस बंदी असावी, आणि अल्पवयी मुलांच्या हातीं तें जाऊं नये याची जबाबदारी घरच्या मोठ्या माणसावर असावी. आणि या कलमाला वेळ लागणार असेल तर निदान दुसरें एक काम उद्यांसुद्धां करतां येण्याजोगें आहे: ज्या बाटलीवर फळाचें चित्र असेल तिच्यावर, चित्राइतक्याच मोठ्या अक्षरांत, आंत प्रत्यक्ष फळ लिटरामागें किती ग्रॅम पडलें तें छापण्याची सक्ति करावी. मग पुष्कळ बाटल्यांवरचीं चित्रें आपोआप उतरतील.